जैसलमेरचा नकाशा: सौर प्रकल्प, माळढोक आणि सुटलेले लेअर

राजस्थानातला जैसलमेर जिल्हा कुठल्याही जीआयएस (नकाशे एकमेकांवर ठेवून तपासणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि सौर प्रकल्पाचे नेहमीचे निकष लावा. जवळपास सगळा जिल्हा ‘योग्य’ म्हणून रंगतो. ऊन भरपूर, दिवसाला दर चौरस मीटरमागे साधारण साडेपाच ते सहा युनिट. जमीन सपाट, झाडी तुरळक. ३८,४०१ चौ. किमी.च्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार पावणेसात लाखांहून कमी माणसं राहतात, म्हणजे चौरस किलोमीटरला १७. पश्चिमेकडून वारा इतका की पवनचक्क्या इथे सौर पॅनलच्या आधीपासून उभ्या आहेत. प्रकल्प आखणाऱ्याला याहून सोपी जागा देशात सापडणं कठीण.

याच जिल्ह्यात जगातले उरलेसुरले बहुतेक माळढोक (माळरानावरचे मोठे पक्षी) राहतात. २०१९ मध्ये त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २०२१, २०२४ व २०२५ असे तीन महत्त्वाचे आदेश निघाले. बातम्यांमध्ये हे प्रकरण ‘पक्षी की वीज’ असं रंगवलं गेलं. मी ते जागानिवडीचं प्रकरण म्हणून मांडतो आहे, कारण तिन्ही वेळा न्यायालयापुढचा खरा प्रश्न एकच होता: रेघ कुठे मारायची? आणि ही रेघ न्यायालयात मारावी लागली, कारण आखणीच्या टेबलावर ती वेळेत मारली गेली नव्हती.

नकाशा कसा रंगतो

जागा शोधायची नेहमीची रीत अशी. ऊन किती, याचा लेअर (एकाच गोष्टीचा नकाशा, जो इतरांवर ठेवता येतो) जागतिक बँकेच्या ग्लोबल सोलर अ‍ॅटलसमधून फुकट मिळतो. जमिनीचा उतार २००० साली अवकाशयानातून झालेल्या एसआरटीएम मोजणीतून काढतात. त्यातला एक पिक्सेल ३० मीटरचा. रस्ते आणि वाहिन्या ओपनस्ट्रीटमॅपवरून किंवा पारेषण कंपनीकडून. जमीन कशी वापरात आहे हे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या नकाशांवरून. हे सगळं क्यूजीआयएस या जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये आणून एका मापात बसवायचं, प्रत्येक निकषाला १ ते ९ गुण द्यायचे, भारांक (कुठल्या निकषाला किती महत्त्व) लावायचे आणि बेरीज करायची.

मापात बसवण्याचं काम किरकोळ समजलं जातं, पण थरच्या वाळवंटात ते चुकीला आमंत्रण देणारं आहे. मीटरमध्ये अंतर मोजायला आपण पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारी यूटीएम पद्धत वापरतो आणि तिच्या ४२ व ४३ या पट्ट्यांची सीमा ७२ अंश रेखांशावरून जाते. जैसलमेर शहर ४२ मध्ये, जोधपूर ४३ मध्ये. दोन्हीकडच्या उपकेंद्रांभोवती एकाच झटक्यात बफर (ठरावीक अंतराचं वर्तुळ) काढायचा तर कुठला पट्टा धरला ते लिहून ठेवायलाच हवं. अंशांमध्ये बफर काढला तर आणखी वाईट: या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे ९९ किमी आणि एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास १११ किमी, त्यामुळे वर्तुळ म्हणून जे काढलं ते जमिनीवर अंडाकृती होतं. पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नाही.

पण खरी गोम बेरजेत आहे. उदाहरणासाठी भारांक (टक्क्यांत) धरू: ऊन ३०, उपकेंद्रापासून अंतर २५, जमिनीचा प्रकार १५, उतार १०, रस्ता १०, वन्यजीव १०. पहिली जागा अशी, की पक्ष्यांच्या वावरामुळे वन्यजीव निकषावर तिला ९ पैकी १ गुण आणि बाकी सगळीकडे ९. बेरीज येते ८.२. दुसरी जागा पक्ष्यांपासून दूर, वन्यजीव ९, उतार ९, ऊन ८, जमीन ६, रस्ता ६, उपकेंद्र जरा लांब म्हणून ५. बेरीज ६.९५. पहिली जागा सहज जिंकते. वन्यजीवांचा भारांक दुप्पट करून २० केला आणि उन्हाचा २० वर आणला, तरी आकडे ७.४ आणि ७.०५ असे येतात. पहिलीच पुढे. अहवालात मात्र ‘जैवविविधतेचा विचार केला आहे’ असं खुशाल लिहिता येतं आणि ते खोटंही ठरत नाही.

काही गोष्टी बेरजेत टाकायच्याच नसतात. तलावाच्या पाण्यावर आपण जमिनीवरचा प्रकल्प आखत नाही, त्याला कमी गुण देऊन पुढे जात नाही. तो भाग सुरुवातीलाच कापून टाकतो. जिथे शेवटच्या शे-दीडशे पक्ष्यांचा वावर आहे तो भागही तसाच आधी कापायला हवा, आणि उरलेल्या जमिनीवर मग ऊन, रस्ता, उपकेंद्र यांची स्पर्धा लावायला हवी. आधी वगळणं, मग गुण देणं. सॉफ्टवेअरमध्ये हे काम एका मास्क लेअरचं, म्हणजे नको तो भाग झाकून टाकणाऱ्या लेअरचं आहे. तो लेअर तिथे नव्हता.

‘पडीक’ नावाचा लेअर

तो का नव्हता, याचं उत्तर जैसलमेरमध्ये नाही. ते राष्ट्रीय पातळीवरच्या गणितात सापडतं.

राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१४ मध्ये देशाची सौर क्षमता सुमारे ७४९ गिगावॅट असल्याचं सांगितलं. हा आकडा पुढे वर्षानुवर्षं भाषणांत येत राहिला. तो काढताना गृहीत धरलं होतं की देशातल्या पडीक जमिनीपैकी ३ टक्के जमिनीवर पॅनल बसतील. त्यात राजस्थानच्या वाट्याला १४२ गिगावॅट आले, महाराष्ट्राच्या वाट्याला ६४. वाऱ्याचंही तसंच. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने १०० मीटर उंचीवर ३०२ गिगावॅट क्षमता काढली, तेव्हा पडीक जमिनीचा ८० टक्के, शेतजमिनीचा ३० टक्के आणि जंगलाचा ५ टक्के भाग उपलब्ध मानला होता. म्हणजे एखाद्या पिक्सेलला ‘पडीक’ ठरवलं की तो शेतापेक्षा अडीचपटीहून जास्त आणि जंगलापेक्षा सोळापट ‘मोकळा’ होतो.

मग पडीक कोण ठरवतं? ग्रामविकास मंत्रालयाचा भूसंसाधन विभाग आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून पडीक जमिनींचा अ‍ॅटलस काढतात. २०१९ च्या आवृत्तीत देशाची जवळपास १७ टक्के जमीन पडीक दाखवली आहे. खुरट्या झुडपांची जमीन, वाळूच्या टेकड्या, खडकाळ माळ असे वर्ग त्यात आहेत. हा अ‍ॅटलस झाडोरा आणि पीक दिसतं का, या नजरेने केलेला आहे. उपग्रहाच्या चित्रात गवत वर्षातले आठ महिने पिवळं असतं, आणि पिवळं म्हणजे काहीच नाही, असा त्याचा हिशेब होतो.

एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या दोन अभ्यासकांनी याच जमिनी वेगळ्या नजरेने नकाशावर आणल्या. माळरानं, गवताळ प्रदेश, वाळवंट, दऱ्याखोऱ्यांची उघडी जमीन यांना त्यांनी ‘खुल्या नैसर्गिक परिसंस्था’ असा एक वर्ग दिला. देशाचा सुमारे दहावा भाग या वर्गात येतो. त्यातला ५ टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत आहे आणि जवळपास ७० टक्के भाग सरकारी दफ्तरी पडीक आहे. हे वाचल्यावर जैसलमेरचं कोडं बरंचसं सुटतं. माळढोक झाडीत राहत नाही. त्याला लांबवर दिसणारं मोकळं माळ लागतं, आणि त्याचं घर असण्यासाठी जमिनीत जे गुण हवेत नेमके तेच गुण आपल्या नकाशात तिला पडीक ठरवतात. दोन लेअर एकमेकांवर बसले, तर तो योगायोग नाही.

माणसांचंही तेच झालं. थरमध्ये ओरण असतात: गावाने देवाच्या नावाने राखलेली जमीन. तिथे कुऱ्हाड चालत नाही, पण उंट, शेळ्या-मेंढ्या, गाई चरतात, तळी-टाकी असतात. जैसलमेरजवळचं देगराय ओरण यातलं ठळक नाव. यांतल्या बऱ्याचशा जमिनी महसुली दफ्तरात ओरण म्हणून चढलेल्याच नाहीत. त्यांना हद्द आहे, नियम आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर आहे, शेपफाइल (नकाशात भरायची हद्दीची डिजिटल फाइल) नाही. प्रकल्पवाल्याला नकाशात सरकारी पडीक जमीन दिसते आणि गुराख्याला त्याच जागी कुंपण दिसतं. ओरण वाचवायला लोकांनी पदयात्रा काढल्या, अर्ज दिले. शेवटी १८ डिसेंबर २०२४ ला न्या. भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या खंडपीठाने राजस्थान सरकारला सांगितलं की प्रत्येक देवराईची जमिनीवर फिरून आणि उपग्रहाच्या मदतीने नोंद करा. नकाशातला एक लेअर तयार करण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

जागा बहुभुज असते, मृत्यू रेघेवर होतो

माळढोकाला पॅनल थेट मारत नाही. तार मारते. हा १५ किलोपर्यंत वजनाचा पक्षी. उडताना झटकन वळता येत नाही. त्याचे डोळे बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं छान दिसतं आणि नेमकं समोरचं कमी. खाली बघत उडताना समोरची तार उशिरा दिसते, आणि दिसली तरी एवढं वजन वळवायला वेळ उरलेला नसतो. मादी सहसा वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे मेलेल्या एका प्रौढ पक्ष्याची जागा भरून निघायला वर्षं जातात. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०१७-१८ च्या पाहणीत थरमध्ये सुमारे १२८ माळढोक होते. त्याच संस्थेच्या अंदाजाने थरच्या ४,२०० चौ. किमी. भागात तारांना धडकून वर्षाला सगळ्या जातींचे मिळून सुमारे ८४,००० पक्षी मरतात.

आता जागानिवडीच्या अहवालाकडे वळू. त्यात प्रकल्पाची जागा एक बहुभुज, म्हणजे रेघांनी बंद केलेला आकार, म्हणून काढलेली असते. इतके हेक्टर, इतके मेगावॅट. एका मेगावॅटला चार-पाच एकर, हे गणित सगळ्यांना पाठ असतं. पण त्या बहुभुजातून वीज बाहेर कशी जाणार? अहवालात ‘उपकेंद्रापासून अंतर १८ किमी’ असा एक आकडा येतो, तोही बहुतेकदा सरळ रेषेतला. ती १८ किमीची वाहिनी प्रत्यक्षात कुठून जाते, हे पुढच्या टप्प्यात, दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या नकाशावर ठरतं. बहुभुज पक्ष्यांच्या क्षेत्राबाहेर असूनही त्याची वाहिनी त्या क्षेत्राच्या मधोमध जाऊ शकते, आणि कागदावर प्रकल्प निर्दोष राहतो.

जैसलमेरचे पक्षी एका जागी बसलेले नाहीत. पश्चिमेला ३,१६२ चौ. किमी.चं डेझर्ट नॅशनल पार्क, पूर्वेकडे पोखरण-रामदेवरा. वावर या दोन्ही भागांत आणि मधल्या पट्ट्यातही. याच मधल्या पट्ट्यातून वीज बाहेर काढणं सगळ्यात सोयीचं. म्हणून इथे अभयारण्याची हद्द पाहून जागा ‘बाहेर आहे’ म्हणणं अपुरं पडतं. पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा हा वेगळा लेअर आहे आणि वाहिन्या त्याच्यावर ठेवून तपासायच्या असतात.

हे तपासायला लागणारं साधन नवं नाही. लीस्ट कॉस्ट पाथ क्यूजीआयएसमध्ये वर्षानुवर्षं आहे: प्रत्येक पिक्सेल ओलांडायची किंमत ठरवायची आणि सॉफ्टवेअरला सर्वांत स्वस्त वाट शोधायला सांगायची. किंमत म्हणजे फक्त खांब आणि तार धरली तर वाट सरळ माळावरून जाते. पक्ष्यांचा पट्टा ओलांडायची किंमत भूमिगत केबलइतकी धरली तर वाट वळसा घालते, किंवा प्रकल्पच दुसरीकडे सरकतो. जागा आणि वाहिनी यांचा हिशेब एकाच वेळी केला तरच हे उत्तर मिळतं.

न्यायालयाच्या तीन रेघा

याचिका करणाऱ्यांत एम. के. रणजितसिंह होते, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या घडणीतले अधिकारी. १९ एप्रिल २०२१ ला सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने आदेश दिला: राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकाच्या प्राधान्य व संभाव्य क्षेत्रांत कमी दाबाच्या वाहिन्या जमिनीखाली घ्या, उच्चदाबाच्या कुठे घेता येतील ते समिती पाहील, तोवर तारांवर पक्ष्यांना दिसतील असे डायव्हर्टर लावा. आदेशाचं क्षेत्र होतं सुमारे ९९,००० चौ. किमी.

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौ. किमी. आहे, त्याच्या जवळपास एक तृतीयांश भागावर हा नियम लागू झाला असं समजा. केंद्र सरकार फेरविचारासाठी न्यायालयात गेलं. उच्चदाबाच्या वाहिन्या एवढ्या अंतरावर जमिनीखाली नेणं तांत्रिकदृष्ट्या आणि पैशाच्या दृष्टीने झेपणारं नाही, आणि देशाची बरीच सौर-पवन क्षमता याच पट्ट्यात आहे, हा त्यांचा मुद्दा. २१ मार्च २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सरसकट निर्देश मागे घेतला, तज्ज्ञ समिती नेमली आणि चर्चा राजस्थानातल्या १३,१६३ व गुजरातमधल्या ५०० चौ. किमी. प्राधान्य क्षेत्रावर आणली. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ व्या कलमांत आहे, हे याच निकालात म्हटलं आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये तिसरी रेघ आली. समितीच्या शिफारशींवरून प्राधान्य क्षेत्र राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातमध्ये ७४० चौ. किमी. झालं. त्या क्षेत्रात नव्या पवनचक्क्या नाहीत, २ मेगावॅटहून मोठे नवे सौर प्रकल्प नाहीत, आणि मोठ्या वाहिन्यांनी आखून दिलेल्या कॉरिडॉरमधूनच जायचं.

मला तिसरा आदेश सर्वांत जास्त पटतो, आणि त्याचं कारण क्षेत्रफळ नव्हे. वाहिन्यांचा कॉरिडॉर नकाशावर आखणं म्हणजे बहुभुज आणि रेघ दोन्ही एकत्र पाहणं. हे काम पहिल्या निविदेच्या आधी व्हायला हवं होतं.

९९,००० चौ. किमी.ची रेघ का टिकली नाही, हे समजायला सोलापूरची आठवण ठेवावी. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची हद्द सुरुवातीला जवळपास ८,५०० चौ. किमी. होती. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके तिच्यात आले: मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. गावं, बाजारपेठा, उसाची शेतं, सगळं अभयारण्यात. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, पक्ष्याबद्दल राग साचला, आणि पुढे ही हद्द १,२२२ चौ. किमी.वर आणावी लागली. तोपर्यंत माळ नांगरले गेले होते, पक्षी जवळजवळ संपले होते. आज तिथे एखादा दिसला तर बातमी होते. जमीन न बघता मोठी रेघ मारली की ती लोकांच्या नजरेतून उतरते, आणि ज्याच्यासाठी मारली त्याच्या काही कामाची राहत नाही. जैसलमेरमध्ये वन्यजीव संस्थेने काही पक्ष्यांना ट्रान्समीटर बसवले होते, त्यांचे खरे मार्ग हाताशी होते. रेघ त्यांवरून मारायची सोय तिथे होती, सोलापुरात तेव्हा नव्हती.

जागा पुरते का?

आधी एवढं वगळत बसलो तर प्रकल्पांना जागाच उरणार नाही, अशी भीती सर्रास घातली जाते. नेचर कन्झर्व्हन्सीच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये नेमकं हेच नकाशावर तपासलं. मानवी वापराने आधीच बदललेल्या, संघर्ष कमी असलेल्या जमिनी तेवढ्या धरल्या, तरी भारतात सुमारे १,७८९ गिगावॅटची सौर-पवन क्षमता बसते. तेव्हाचं २०२२ साठीचं लक्ष्य होतं १७५ गिगावॅट. हे त्याच्या दहापट. याच अभ्यासातून पुढे साइटराइट नावाचं साधन निघालं. आपली जागा त्यात टाकून आधीच पाहता येतं की वन्यजीव किंवा लोकवापराशी टक्कर होते का. जमीन आहे. ती कदाचित दोन टक्के कमी उन्हाची असेल, थोडी महाग असेल, तुकड्यांत असेल. हे पैशात मोजता येणारे तोटे आहेत, आणि तीन-चार वर्षं न्यायालयात अडकलेल्या वाहिनीच्या खर्चापुढे मला ते किरकोळ वाटतात.

महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची रचना याबाबतीत बरी आहे. प्रकल्प लहान, वितरण उपकेंद्राच्या आसपास, वीज त्याच भागातल्या शेतीपंपांना. लांब पल्ल्याच्या मोठ्या वाहिन्यांची गरज कमी, म्हणजे जैसलमेरचा अर्धा प्रश्न इथे उद्भवत नाही. उरतो तो जमिनीचा. उपकेंद्राजवळ सरकारी जमीन शोधायला गेलं की नकाशात पहिलं येतं ते गायरान, आणि काही गावांनी त्यावरून विरोधही केला आहे. गायरानाची नोंद सातबाऱ्यावर असते, पण तिथे कोणाची जनावरं कुठल्या महिन्यात चरतात, मेंढपाळांचे वाडे दिवाळीनंतर कुठून जातात, लांडगे कुठे पिल्लं घालतात, हे कुठल्याच उताऱ्यावर नाही आणि उपग्रहालाही दिसत नाही.

ते मिळवायला फोनवर क्यूफील्डसारखं अ‍ॅप घेऊन गावातल्या दोन-तीन जुन्याजाणत्या गुराख्यांबरोबर माळावर फिरावं लागतं. चालताना वाट नोंदवायची, पाणवठ्यावर बिंदू टाकायचा, वापराचे महिने लिहायचे, आणि संध्याकाळी ग्रामपंचायतीत तो नकाशा भिंतीवर लावून दुरुस्त्या घ्यायच्या. एका गावाला दोन-तीन दिवस पुरतात. हा लेअर निविदेच्या कागदपत्रांतच जोडला, आणि जागेच्या बहुभुजाबरोबर वाहिनीचा प्रस्तावित मार्गही शेपफाइल म्हणून मागितला, तर हरकती कुठे येणार हे पैसे गुंतण्याआधी दिसतं. निविदेत या दोन अटी घालायला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी आणि वीज कंपनीने ठरवलं तर पुढच्याच निविदेत त्या घालता येतील.